बावखलांची दुसरी प्रत

तुमचा धंदा काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, "एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात भरते." ऐकणाऱ्याला वाटतं, पोळी-भाजीचं दुकान असेल. मग मी एक हार्ड डिस्क हातात ठेवते आणि समजावते की ह्यात तुमच्या मुलीचं लग्न आहे, ही डिस्क सात वर्षांची झाली, आता हे लग्न नव्या डिस्कमध्ये हलवायला हवं. त्यावर हमखास प्रश्न येतो, "एवढंच? त्याला काय लागतं? माझा नातू करतो." नातू करतो हे खरं आहे. नातवाने केलेलं निस्तरून घ्यायलाच माझी निम्मी गिऱ्हाइकं आली.

वसई गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा दहा बाय बाराचा गाळा आहे. आधी तिथे आमचा टायपिंगचा क्लास होता, मग व्हिडिओ कॅसेटवरून सीडी करून देणं, मग सीडीवरून डिस्क. काळ बदलत गेला, माझं काम तेच राहिलं. लग्नाचे फोटोग्राफर, शाळा, भजनी मंडळं, चर्चचे गायनवृंद, परदेशी गेलेल्या मुलांचे आईबाप, सगळे पिशवीत डिस्का घेऊन येतात. बऱ्याच जणी डिस्क रुमालात बांधून आणतात, अंडी आणावीत तशी. त्या बायका मला आवडतात, कारण डिस्क तशीच आणायची असते.

बाहेरच्यांसाठी थोडं कामाबद्दल सांगते. पहिला नियम, कापायचं नाही. कॉपी करायची, तपासायची, आणि मग जुनं काय करायचं ते बघायचं. कट करून पेस्ट करणारा माणूस म्हणजे नवी दोरी बांधायच्या आधी जुनी सोडणारा. दुसरा नियम, स्क्रीनवर दिसणाऱ्या वेळेवर विश्वास ठेवायचा नाही. 'सहा मिनिटे राहिली' म्हणता म्हणता ती दोन तासांवर जाते. मोठ्या चार फाइली झरझर जातात, पण छोट्या चाळीस हजार फाइली जीव खातात. घर बदलताना कपाट चार हमाल एका फेरीत नेतात, वेळ जातो तो चमचे-वाट्यांत, तसंच हे. तिसरा नियम, झालं असं मशीनने सांगितलं तरी आपण बघायचं. दोन्हीकडे फाइलींची संख्या जुळवायची, त्यांचं वजन, म्हणजे एकूण आकार, जुळवायचं, आणि पहिली, शेवटची व मधल्या पाच-सहा उघडून पाहायच्या.

ह्या नियमांनीही सगळं वाचत नाही. एकदा एकाच दिवशी, एकाच चर्चमध्ये, एकाच आडनावाच्या दोन नवऱ्यांची लग्नं झाली. फोटोग्राफर एकच. फोल्डरची नावंही जवळपास सारखी. मी डिस्का बदलून दिल्या. दोन्ही घरांनी नातेवाईक बोलावून, समोसे मागवून लग्न बघायला घेतलं. एका घरून पाऊण तासाने फोन आला, "ताई, मंडप आमचा, बँड आमचा, पण नवरी कुणाची?" पाऊण तास त्यांना कळलं नव्हतं, हे त्यांनी नंतर कुणाला सांगितलं नाही आणि मीही आजवर सांगितलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायला मला आवडत नाही, म्हणूनच सांगते.

आमच्याकडे पाणी भरतं. एका पावसाळ्यात पाणी माझ्या गाळ्यात मांडीपर्यंत आलं. मी डिस्का माळ्यावर ठेवल्या होत्या, त्या वाचल्या. पण पाणी ओसरल्यावर गिऱ्हाइकं ओल्या डिस्का घेऊन आली. मी विचारायचे, "दुसरी प्रत?" ते दुसरी ओली डिस्क पुढे करायचे. दोन्ही प्रती एकाच कपाटात, एकाच कप्प्यात. दोन प्रती करायला मीच शिकवलं होतं, कुठे ठेवायच्या ते सांगायला विसरले होते.

माझ्या सासूबाई गास गावच्या. दुधी-पडवळाचं बी वाळवलं की अर्धं त्या बहिणीच्या घरी पाठवायच्या. घर बुडालं, जळलं, उंदीर लागले, तरी बी उरतं, असा त्यांचा हिशेब. मी तीच रीत डिस्कांना लावली. रेल्वेच्या पश्चिमेच्या माणसाची दुसरी प्रत पूर्वेच्या माणसाकडे, आणि त्याची ह्याच्याकडे. मी जोड्या लावल्या. डब्यावर एक आकडा आणि एक चिठ्ठी: 'दुसऱ्याची वस्तू. उघडू नये.' आत काय आहे हे ठेवणाऱ्याला मी सांगत नसे. लोकांच्या खाजगी गोष्टी असतात. वर्षातून एकदा डिस्क दुकानात आणायची, मी ती चालवून बघायची. लोकांनी आधी हसून घेतलं, मग मानलं. परक्याची अमानत आपल्या कपाटात आहे म्हटल्यावर आमच्याकडची माणसं ती दागिन्यांच्या बाजूला ठेवतात.

ह्यातली एक जोडी होती पश्चिमेच्या सांडोरचे राऊत सर आणि पूर्वेच्या गोखिवऱ्याच्या ताराबाई.

राऊत सर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी एक उद्योग हाती घेतला. दर वर्षी दिवाळी ते नाताळ सायकलवरून गावोगाव फिरून ते बावखलांचे फोटो काढत. बावखल म्हणजे वाडीच्या पोटातलं छोटं तळं. विहिरीहून मोठं, तलावाहून लहान. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि मे महिन्यातही केळी-भाजीला गोडं पाणी मिळतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, अशा जागी गोडं पाणी काय असतं ते आम्हालाच माहीत. आता वाड्यांच्या जागी इमारती येतात, तेव्हा आधी बावखल बुजतं. सर प्रत्येकाचे चारही बाजूंनी फोटो काढत, एक व्हिडिओ घेत, आणि माझ्याकडे येऊन स्वतः फोल्डर करून घेत: गाव, वाडी, बावखलाचं नाव, वर्ष. नाव नसलेलं बावखल नसतंच, असं ते म्हणायचे. वडाखालचं, भुताचं, सोनबाव, थोरलीचं. फोटोत माणूस येऊ द्यायचे नाहीत. "माणूस आला की लोक माणूस बघतात," म्हणायचे. चौदा वर्षांचे सव्वीस हजार फोटो आणि वेगळे व्हिडिओ. नावांची वही नव्हती. फोल्डर म्हणजेच वही, असं सरांनी धरलं होतं, आणि त्यांना तसं धरायला मी शिकवलं होतं.

सरांची दुसरी प्रत ताराबाईंकडे होती. त्या भातशेती करणाऱ्या घरातल्या, आता शेत नाही, मुलाचा टेम्पोचा व्यवसाय. त्यांच्या नवऱ्याच्या भजनांचं रेकॉर्डिंग होतं. नवरा गेला, आवाज राहिला. ती डिस्क सरांकडे.

सरांच्या वाडीलगत सोनबाव होतं. ती जमीन बाहेरच्या एकाने घेतली आणि डबर टाकून बावखल भरायला सुरुवात केली. गावकऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा तो म्हणाला, इथे बावखल कधी नव्हतंच, सखल जागा होती, पावसात पाणी साचायचं. सरकारी कचेरीत सुनावणी लागली. सर माझ्याकडे आले ते सुनावणीच्या दहा दिवस आधी, सोनबावचे चौदा वर्षांचे फोटो वेगळे काढून घ्यायला. "नोव्हेंबर-डिसेंबरचे आहेत. तेव्हा पावसाचं साचलेलं पाणी असतं का?" ते म्हणाले. सर फार बोलत नसत, त्या दिवशी मात्र खुशीत होते.

मी डिस्क लावली. सोनबावचे फोल्डर शोधत असतानाच दारात एक बाई आली, तिला पावती हवी होती. मी उठले. वायर माझ्या पायात अडकली आणि डिस्क टेबलावरून फरशीवर गेली. चालू डिस्क पडणं आणि बंद डिस्क पडणं ह्यांत फार फरक आहे. चालू डिस्कच्या आत एक तबकडी वेगाने फिरत असते, तिच्यावर केसाहून कमी अंतरावर एक सुई तरंगते. ती सुई तबकडीला टेकली. टक, टक, टक असा आवाज येऊ लागला. तीस वर्षं मी लोकांना सांगत आले की वायर पायात येईल अशी ठेवू नका.

सरांनी विचारलं, "गेली का?"

मी म्हटलं, "गेली असावी. चूक माझी आहे, सर."

त्यांनी वाकून डिस्क उचलली, टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "दुसरी आहे ना? त्यासाठीच ठेवतो ना आपण?"

मी ती पडलेली डिस्क मुंबईला मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. तबकडीवर ओरखडे आहेत, काही निघणार नाही, असं चार दिवसांनी कळलं. पण पाठवताना मला त्याची फिकीर नव्हती, दुसरी प्रत होती. डिस्क पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी गोखिवऱ्याला गेले.

ताराबाईंनी चहा ठेवला, कपाट उघडलं, शालूखालून डबा काढला. "बगा ताई, चिठीसकट ठेवलीय. धूल पन नाय लागली." मी लॅपटॉपला लावली. आत एकच फोल्डर होता. 'निलेश हळद-लग्न'.

ताराबाईंच्या समाजातल्या हळदी तुम्ही पाहिल्या नसतील तर सांगते, लग्नापेक्षा हळद मोठी असते. निलेश त्यांचा धाकटा मुलगा. त्याच्या हळदीला दोन कॅमेरे होते. शूटिंगवाल्याला डिस्क कमी पडली. कुणीतरी म्हणालं, आईच्या कपाटात एक आहे.

ताराबाईंनी निलेशला हाक मारली. तो आला, डबा बघितला आणि त्याला आठवलं. "अगं आई, त्यात काय नव्हतं. नुसतं पानी होतं. पान्याचे फोटो, माणूस नाय एक पन. आमाला वाटलं, कॅमेरा टेस्ट करायला काढलेले. म्हनून फॉरमॅट मारलं."

"चिठी वाचली नाय का?" ताराबाई म्हणाल्या.

"वाचली. उघडू नये लिवलं होतं. पुसू नये नव्हतं लिवलं."

मला राग आला, पण तो निलेशवर धरता येईना. वर्षातून एकदा डिस्क आणायचा नियम होता. ताराबाई दोन वर्षं आल्या नव्हत्या, आणि मीही फोन केला नव्हता. जोड्या वाढल्या होत्या, मी कंटाळले होते. आत काय आहे ते एकदा दाखवलं असतं, तर ताराबाईंनी ते कुणाला हात लावू दिलं नसतं. झाकलेली वस्तू माणूस जपतो, पण कशासाठी जपतो ते माहीत नसेल तर अडीअडचणीला तीच आधी बाहेर काढतो.

मी डिस्क लगेच लॅपटॉपपासून सोडवली. पुसलेली डिस्क म्हणजे रिकामी डिस्क नाही. फक्त अनुक्रमणिका फाडलेली असते, पानं तिथेच असतात. नवीन काही लिहाल, तेव्हा जुन्या पानावर शाई चढते. निलेशची हळद जिथे जिथे बसली होती तिथलं पाणी कायमचं गेलं होतं. उरलेलं काढता येणार होतं.

ताराबाई मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या. "भजनांची डिस्क सरांकडं हाय ना? ती बरी हाय?" मी म्हटलं, बरी आहे, सरांनी डांबराची गोळी घालून ठेवली आहे. त्या रस्त्यातच थांबल्या. "त्यांनी आमचं सांभाललं, आनि आमी त्यांचं पुसलं." मी रिक्षात बसले.

पुसलेलं परत काढायला अडीच दिवस गेले. अठरा हजारांच्या आसपास फोटो निघाले, व्हिडिओ मात्र एकही धड नाही. मला वाटलं, देव पावला. मग सर येऊन बसले आणि अडचण कळली. असे निघालेले फोटो नावाशिवाय येतात. फोल्डर नाही, गाव नाही, वाडी नाही. प्रत्येकाला एक लांबलचक आकडा. फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आत कोरलेली असते, ती शाबूत होती. पण सरांचा फिरायचा क्रम ठरलेला नसे, ज्या दिवशी जो वाडीवाला घरी असेल त्याच्याकडे जायचं. आणि मधले हजारो फोटो गेल्यामुळे साखळी तुटली होती. अठरा हजार वेळा हिरवं पाणी, कडेला केळी, वर आकाश.

सर दुकानात बसून ओळखत होते. मी एकेक फोटो लावायचे. "ही पायरी थोरलीची. हे नाही सांगता येत. हे भुताचं, माड आहे वाकडा. हे नाही. हे नाही." सकाळी दहाला बसायचे, दुपारी घरून आणलेला डबा खायचे, पुन्हा बसायचे. पाचव्या दिवशी त्यांना सोनबाव सापडलं. कडेला उंबर, दगडाच्या तीन पायऱ्या, मागे त्यांच्याच वाडीच्या विहिरीचा कठडा. अशी एकूण अकरा छायाचित्रं, पाच वेगवेगळ्या वर्षांची.

सुनावणीला मीही गेले. डिस्क पडली कशी, पुसली कुणी, फोटो निघाले कसे, हे मला लिहून द्यावं लागलं. मी सगळं खरं लिहिलं. त्याचा तोटा झाला. समोरच्या पक्षाचा माणूस म्हणाला, "म्हणजे फोटोवर नाव नाही. हे कुठल्याही तळ्याचे असू शकतात. मास्तर म्हणतात म्हणून सोनबावचे." अधिकाऱ्यांनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "मी काढलेत." ते पुरेसं नव्हतं, आणि ते त्यांनाही कळत होतं.

शेवटी जागेवर पाहणी करायचं ठरलं. त्या दिवशी ताराबाई निलेशला घेऊन आल्या. मी बोलावलं नव्हतं. निलेशने टेम्पोतून फावडी आणली होती. जागेवर सपाट डबर होतं, उंबर तोडलेलं, ओळखीचं म्हणून फक्त सरांच्या विहिरीचा कठडा. सरांनी एक फोटो हातात धरला आणि पुढे-मागे सरकू लागले. फोटोत कठडा जेवढा दिसत होता तेवढाच डोळ्यांना दिसेपर्यंत सरकले. मग थांबले, उजवीकडे नऊ पावलं चालले आणि म्हणाले, "इथे वरची पायरी."

अधिकाऱ्यांनी खणायला सांगितलं. कमरेइतकं खणल्यावर फावडं दगडावर वाजलं. घडीव दगड, कडेला झिजलेला. निलेशने त्याच्या पुढे आणखी हातभर खणलं, आणि खड्ड्यात पाणी जमायला लागलं. एप्रिल महिना होता. अधिकारी वाकून बघत राहिले. महिन्याभराने आदेश आला, भराव काढा.

इथे गोष्ट संपवली असती तर मला बरं वाटलं असतं. पण सरांनी ती संपवली नाही.

त्या दिवशी त्यांना युक्ती कळली होती. फोटो घेऊन जागेवर जायचं आणि जुळवायचं. पुढचे सहा-सात महिने ते छापील फोटोंचा गठ्ठा घेऊन सायकलवर फिरले. जी बावखलं अजून आहेत ती सगळी जुळली. माझ्याकडे येऊन त्यांनी पुन्हा फोल्डर केले, पुन्हा नावं घातली. ह्या वेळी मी वही करायला लावली. मग एक दिवस ते जुळवायचं थांबले. अजून चार हजारांवर फोटो उरले होते.

"हे जुळणार नाहीत," ते म्हणाले. "ही बावखलं आता नाहीत. काही ठिकाणी इमारती आहेत, काही ठिकाणी गाळे आहेत. उभं कुठे राहायचं?" मग म्हणाले, "जी आहेत त्यांना फोटोची तशी गरज नव्हती, सुलभा. जी नाहीत, त्यांचा फोटो आणि नाव एवढंच शिल्लक होतं."

त्यांनी मला दोष दिला नाही. तो देण्याची गरजही नव्हती. माझ्या पायात वायर अडकली त्या दिवशी त्या बावखलांची नावं गेली, हे मला त्यांच्याइतकंच कळत होतं, आणि त्याची बोच आजही जात नाही. मी पुष्कळांची लग्नं वाचवली असतील. त्याने ही बाजू भरून येत नाही.

आता दर बुधवारी आम्ही जुन्या माणसांना दुकानात बोलावतो आणि ते फोटो दाखवतो. फारसं निघत नाही. डोळे अधू झालेले, शिवाय पाणी सगळीकडे सारखंच. गेल्या बुधवारी पास्कूबाबांना त्यांच्या सुनेने धरून आणलं. नव्वदीच्या घरात आहेत. पन्नास-साठ फोटो त्यांनी नुसते बघितले. मग एकाला हात वर केला.

"थांबव. ह्यात मी पवायला शिकलो. बापाने ढकललं होतं मला, त्या दगडावरून."

सर पुढे सरकले. "बाबा, नाव काय ह्याचं?"

पास्कूबाबांनी बराच वेळ विचार केला. सुनेने दोन-चार नावं सुचवून पाहिली, त्यांनी प्रत्येकाला नकारार्थी मान हलवली. ओठांवर येत होतं, पण आलं नाही. शेवटी डोळे पुसून म्हणाले, "नाव गेलं रे. पानी थंड होतं, एवढं आठवतं."

सरांनी वही उघडली, मग मिटली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "फोल्डर कर. लिही, पास्कूबाबा पवायला शिकले ते."

मी तसं लिहिलं.